काट्यावरचा शिक्का



रोहिणी लागायला थोडेच दिवस उरलेत. मृग दारात आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या डोक्यात आत्ता बियाण्याच्या पिशवीचा भाव घोळत असणार, आणि यंदा पाऊस कधी येईल, किती येईल, हा प्रश्न तर सगळ्यांच्याच मनात असणार. अशा दिवसांत मी तुमच्यापुढे विश्वासावर बोलायला उभा आहे. माणसांवरच्या विश्वासावर पुष्कळ बोललं गेलंय. मी बोलणार आहे ते यंत्रांवरच्या विश्वासाबद्दल. पावसाचा अंदाज काढणारं यंत्र, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, महसूल मंडळातलं पाऊस मोजणारं यंत्र, आणि आता मोबाइलमध्ये येऊन मराठीत उत्तरं देणारं यंत्र.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. त्यांची एक वही होती. डाव्या पानावर ते आदल्या रात्री परभणी आकाशवाणीनं पावसाबद्दल काय सांगितलं ते लिहीत. उजव्या पानावर, शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकात सकाळी किती पाणी सापडलं ते. वर्षानुवर्षं. मी एकदा विचारलं, "गुरुजी, रेडिओ खरं सांगतो का?" ते म्हणाले, "असं विचारू नको. कशाबद्दल खरं सांगतो आणि किती वेळा, ते विचार. मग वही उघडून दाखवतो."

पुढं मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. आज त्या वहीचाच धागा धरून बोलतो.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. जुलै 2017. आपल्या माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तक्रार कुणाविरुद्ध? हवामान खात्याच्या पुणे आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांविरुद्ध. म्हणणं असं, की खात्यानं चांगल्या पावसाचा अंदाज दिला, त्यावर विसंबून आम्ही पेरलं, पाऊस गेला, पिकं करपली. आणि हा अंदाज बियाणं-औषधाच्या कंपन्यांशी संगनमत करून दिला गेला. देशभरातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली. शहरातल्या काहींना तिचं हसू आलं. पावसाविरुद्ध पोलिसात तक्रार करतात म्हणे!

मला तेव्हाही हसू आलं नाही, आजही येत नाही. संगनमताचा आरोप आपण बाजूला ठेवू. त्या आरोपाच्या खाली जो प्रश्न आहे तो फार खरा आहे. एका सरकारी यंत्रणेनं एक आकडा सांगितला. त्या आकड्यावर एका माणसानं उसनवारी करून बियाणं घेतलं. आकडा आणि शिवार यांचा मेळ बसला नाही. आता जाब कुणाला विचारायचा? पोलीस ठाण्याखेरीज दुसरं दार त्या माणसाला दिसलं नाही, कारण दुसरं दार त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्या वर्षी हवामान खात्यानं नेमकं काय सांगितलं होतं ते पाहू. एप्रिल 2017 मध्ये खातं म्हणालं, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून सरासरीच्या 96 टक्के पाऊस होईल, त्यात 5 टक्के इकडं-तिकडं. जूनमध्ये सुधारून सांगितलं, 98 टक्के, त्यात 4 टक्के इकडं-तिकडं. आणि हंगाम संपल्यावर देशाचा पाऊस भरला 95 टक्के. म्हणजे खात्याच्या वहीप्रमाणं अंदाज दिलेल्या मर्यादेत बसला. आणि आनंदगावच्या वहीप्रमाणं? तिथं जूनच्या पावसावर पेरलेलं जुलैत वाळलं. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. मंडळी, इथं जरा थांबा. दोन्ही वह्या एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

कारण तो आकडा देशाचा होता. त्या एका सरासरीत चेरापुंजी आहे, कोकण आहे, राजस्थानचं वाळवंट आहे, आणि आपली आष्टी-पाटोद्याची खडकाळ माळरानंही आहेत. देशाची सरासरी तेव्हा 89 सेंटिमीटर धरत. आपल्या बीड जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतं. शिवाय तो आकडा चार महिन्यांचा होता. चार महिन्यांची बेरीज बरोबर भरूनही मधे पंचवीस दिवसांचा खंड पडू शकतो, आणि सोयाबीनला बेरीज कळत नाही, खंड कळतो. म्हणजे ज्या गोष्टीवर शेतकऱ्यानं भरवसा ठेवला, माझ्या वावरात, या पंधरवड्यात पाऊस येईल, त्या गोष्टीबद्दल अंदाजात एक अक्षरही नव्हतं.

मग शेतकरी अडाणी ठरला का? मुळीच नाही. त्याच्यापर्यंत काय पोहोचलं ते बघा. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात '96 टक्के पाऊस'. 5 टक्के इकडं-तिकडं हा भाग गळाला. 'देशात' हा शब्द आतल्या ओळीत गेला. आणि 96 टक्के हा आकडा आपल्या कानाला कसा लागतो? आपण शाळेतल्या गुणांचा समाज आहोत. शंभरापैकी शहाण्णव म्हणजे पोरगं बोर्डात आलं! म्हणजे पाऊस पडणारच, शंभरात चारच शक्यता न पडण्याची. असाच अर्थ मी स्वतः गावोगाव ऐकलाय, शिकलेल्या माणसांच्याही तोंडून. वास्तविक तो सरासरीशी तुलना करणारा आकडा. खात्रीचा आकडा तो नव्हेच. माणसानं चुकीचा विश्वास ठेवला असं आपण म्हणतो, तेव्हा तो विश्वास कोणत्या शब्दांनी घडवला गेला हे आपण तपासत नाही.

यंत्र आपली शंका बारीक अक्षरात लिहितं आणि उत्तर मोठ्या अक्षरात, हा दोष सगळ्या जगात आहे. 10 जून 1995 ला रॉयल मॅजेस्टी नावाचं प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना अमेरिकेच्या नॅन्टुकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जहाजावर पंधराशेहून अधिक माणसं. झालं होतं असं, की उपग्रहाचे संकेत घेणाऱ्या अँटेनाची तार सुटली होती. यंत्र बंद पडलं नाही. वेग आणि दिशा यांवरून ते अदमासानं जागा दाखवत राहिलं. 'मी आता अदमासानं सांगतोय' हे पडद्यावर दोन बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. एक दिवसाहून जास्त काळ कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही, आणि जहाज मार्गापासून सुमारे 17 मैल भरकटलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. प्रशिक्षित दर्यावर्दी होते ते. त्यांना फसवलं त्या दोन बारीक अक्षरांनी. आपल्याला फसवलं '5 टक्के इकडं-तिकडं' या गळालेल्या शब्दांनी.

आता दुसरा मुद्दा, आणि तो मला फार जवळचा आहे, कारण त्यात आपल्याच मराठी मातीतला एक थोर वैज्ञानिक आहे. डॉ. वसंत गोवारीकर. त्यांच्या पुढाकारानं 1988 पासून हवामान खातं मान्सूनचा अंदाज नव्या पद्धतीनं द्यायला लागलं. सोळा घटक घ्यायचे, कुठं किती तापमान, हिमालयात बर्फ किती, वारे कसे, समुद्र कसा, आणि त्यांच्या गणितातून देशाच्या पावसाचा आकडा काढायचा. तो काळ आठवतो का? 1987 चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. आणि 1988 पासून एकामागून एक वर्षं चांगली गेली. चौदा वर्षं! देशाला गोवारीकरांच्या गणिताचा अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. परदेशी अनुकरण न करता स्वतःच्या डोक्यानं उभं केलेलं ते काम होतं.

मग आलं 2002. अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा. जुलैत देशात जेमतेम निम्मा पाऊस पडला. हंगाम संपला तो 81 टक्क्यांवर. देशव्यापी दुष्काळ, आणि गणितानं त्याची चाहूल दिली नव्हती.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारायचो: ते गणित 2002 मध्ये बिघडलं का? ते म्हणायचे, हो सर. मग मी म्हणायचो, त्या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळाची वर्षं किती? एकही नाही. समजा एखाद्या माणसानं काहीही गणित न करता दरवर्षी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं असतं, 'यंदा दुष्काळ पडणार नाही'. त्याचे गुण किती? चौदापैकी चौदा. मग गणिताचे चौदा आणि चिठ्ठीचे चौदा यांत फरक कसा करायचा? चांगल्या वर्षांत तो करताच येत नाही. अवजाराची परीक्षा वाईट वर्षात होते. धरण फुटतं ते पुराच्या दिवशी, आणि बैल कळतो तो चढावर. आपण मात्र चौदा वर्षांचा सपाट रस्ता पाहून बैलाला निर्धास्त मानलं.

यात गोवारीकरांना कमीपणा नाही. त्यांनी अंदाज आकड्यात दिला, म्हणून तर तो चुकला हे कळलं. खात्यानं 2003 पासून पद्धत बदलली, अंदाज दोन टप्प्यांत द्यायला सुरुवात केली, पुढं आणखी बदल केले. चूक मोजता आली म्हणून सुधारणा झाली. याच्या शेजारी भेंडवळची घटमांडणी ठेवून पाहा. बुलडाणा जिल्ह्यात अक्षय तृतीयेला मांडली जाते, दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून पीक-पाण्याचं भाकीत होतं, गर्दी लोटते. परंपरा म्हणून मला तिचा आदर आहे. पण पाऊस 'कुठं कमी कुठं जास्त', पीक 'मध्यम', असं सांगितलेलं कधी चुकतं का? जे चुकूच शकत नाही त्यावर विश्वास ठेवणं सोपं असतं, त्याचा उपयोग करणं अवघड असतं. आणि आज मोबाइलवर जिल्ह्या-जिल्ह्याच्या पावसाच्या तारखा सांगणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यांचं काय? लाखो लोक ते बघतात. त्यांतल्या किती जणांनी गेल्या वर्षीच्या तारखा आणि पडलेला पाऊस शेजारी-शेजारी लिहून ठेवलाय? इथं बसलेल्यांपैकी कुणी?

बरं, समजा आपण हिशेब ठेवला. समजा कळलं की अमुक यंत्र दहापैकी सहा वेळा बरोबर येतं. मग त्यावर विसंबायचं की नाही? संख्याशास्त्राच्या पुस्तकांत या प्रश्नाचं उत्तर आहे, पण तुम्हाला ते पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय. देशभर बसवलेल्या ऐंशीहून अधिक संवेदकांच्या जाळ्यावरून ते विजेची नोंद घेतं आणि तुमच्या 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका असला की सावध करतं. मराठवाड्यात वीज माणसं मारते, गुरं मारते. वैशाखातल्या अवकाळीत, आणि परतीच्या पावसात सोयाबीन काढणीच्या वेळी तर फारच. आता होतं काय, की ॲप वाजतं आणि आपल्या बांधावर वीज पडत नाही. दुसऱ्यांदा वाजतं, पडत नाही. चौथ्या वेळी माणूस म्हणतो, हे उगाच ओरडतंय, आणि कापणी चालू ठेवतो.

इथं आपण कुठं चुकतो? 'किती वेळा चुकलं' एवढंच मोजतो. चुकल्याची किंमत मोजत नाही. दामिनी चुकीचं वाजली तर काय जातं? अर्धा तास काम थांबतं, झाडाखालून उठून घरात जावं लागतं. आणि ती बरोबर वाजली असताना आपण ऐकलं नाही तर? घरचा कर्ता माणूस जातो. म्हणून दहापैकी नऊ वेळा ती फुकट वाजली तरी दहाही वेळा उठायचं. हाच माणूस पेरणीच्या अंदाजाबाबत मात्र उलट वागला पाहिजे. तिथं चुकीच्या विश्वासाची किंमत म्हणजे बियाणं, खत, मजुरी आणि दुबार पेरणीचं कर्ज. म्हणून तिथं दहापैकी आठ वेळा खऱ्या ठरणाऱ्या अंदाजावरही घाई करायची नाही. कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. याचा अर्थ अंदाज ऐका, पण पेरणीचा निर्णय जमिनीला विचारून घ्या.

तीच हवामानशास्त्रातली माणसं, तसंच शास्त्र, तोच मोबाइल. विजेच्या बाबतीत विश्वास जास्त, पेरणीच्या बाबतीत कमी. विश्वासाचं माप यंत्राच्या अचूकपणावर ठरतं तेवढंच आपल्या पणाला काय लागलंय त्यावरही ठरतं. ही गोष्ट मला कुठल्याही सरकारी पत्रकात लिहिलेली सापडत नाही, आणि ती गावोगावच्या चावडीवर रंगवली जावी असं मला मनापासून वाटतं.

आतापर्यंत मी अशा यंत्रांबद्दल बोललो ज्यांचं ऐकायचं की नाही हे आपल्या हातात आहे. आता त्या यंत्रांकडं येतो जिथं विश्वास आपल्याला ठेवावाच लागतो, कारण तो आपल्या वतीनं दुसऱ्यानंच ठेवून टाकलेला असतो.

माझी आई. शेवटची काही वर्षं गावाकडं राहिली. आयुष्य विळा, खुरपं आणि जात्यावर गेलेलं. तिच्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. रेशन घ्यायला गेली, यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं, जुळत नाही. दुसरं बोट, जुळत नाही. सगळी दहा बोटं झाली. पलीकडं उभा असलेला दुकानदार तिला लहानपणापासून मावशी म्हणत आलेला. तो म्हणाला, "मावशी, मशीन नाही म्हणतंय." ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि मला म्हणाली, "मी मीच हाय का न्हाई, ते आता त्या डबीला इचारायचं."

बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दर दिवाळीनंतर लाखो कोयते इथून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाचटानं कापलेली, मोळ्या बांधून सोललेली बोटं घेऊन ही माणसं परत येतात. अशा हातांवर अंगठ्याचं यंत्र जास्त चुकणार, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. यंत्राची चूक सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. ज्याचे हात मऊ त्याला ते ओळखतं, ज्यानं हातांनी पोट भरलं त्याला ते नाकारतं.

ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राच्या अन्न आणि सार्वजनिक वितरण विभागानं राज्यांना स्पष्ट कळवलं, की केवळ आधारची पडताळणी झाली नाही म्हणून कुणाही लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. दुसरी ओळख पटवून, नोंद करून धान्य द्यावं. म्हणजे यंत्र चुकू शकतं हे सरकारला मान्य आहे. ती चूक ओलांडायची पायवाट लिहून ठेवलेली आहे. पण माझ्या आईला ती कुणी सांगितली? त्या दुकानदाराला ती ठाऊक होती का? आणि ठाऊक असती, तरी त्यानं यंत्राच्या 'नाही'वर स्वतःचं 'हो' लिहिण्याची जोखीम घेतली असती का? आईला चाळीस वर्षं ओळखणारा तो माणूस, त्याच्या ओळखीपेक्षा डबीची ओळख मोठी ठरली. माणसानं यंत्रावर विश्वास ठेवला असं हे झालं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मुभा त्याच्याकडून काढून घेतली गेली.

हे आपल्याकडंच घडतं असं समजू नका. इंग्लंडच्या टपाल खात्यानं 1999 पासून हिशेबासाठी होरायझन नावाची संगणक प्रणाली आणली. ती काही ठिकाणी चुकीची तूट दाखवायची. गावोगावची उपडाकघरं चालवणारी माणसं म्हणत राहिली, पैसे आम्ही घेतले नाहीत. न्यायालयांत गृहीतक काय होतं? संगणक बरोबर चालतो, तो चुकला हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. कित्येक तुरुंगात गेली, देशोधडीला लागली. सत्य बाहेर यायला वीस वर्षं लागली. यंत्राला 'चुकलं असेल' असं म्हणायची सोय ठेवली नाही, की चोर ठरायला माणूसच उरतो.

आता मंडळातल्या पर्जन्यमापकाकडं येऊ. राज्यात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. महावेध म्हणतात त्या प्रकल्पाला. केंद्रं झाली हे चांगलंच झालं. पूर्वी पर्जन्यमापक मोजकेच आणि तेही कुठल्या तरी कचेरीच्या मागं. पण भरपाईसाठी चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस त्या यंत्रात पडला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. तुमच्या शिवारात बांध फुटलेत, माती वाहून गेलीय, आणि ओढ्यापलीकडच्या यंत्रात पडलाय चाळीस. किंवा यंत्राच्या कुंपणाशेजारी झाड वाढलंय, किंवा नळीत पाचोळा अडकलाय. ते यंत्र जे मोजतं ते बहुतेक वेळा बरोबर मोजतं. लहानशा तोंडाचं ते भांडं त्याच्या डोक्यावर पडलेला पाऊस मोजतं, दहा गावांचा नाही. त्याला मोजायला बसवलं आणि न्यायाधीश करून टाकलं, हे त्याचं नव्हे, आपलं करणं आहे. त्याच्या न्यायाविरुद्ध पंचनाम्याचा माणूस लगेच येईल, अशी तजवीज असेल तरच त्या केंद्रावर लोकांचा विश्वास बसेल.

मंडळी, आपल्या जिल्ह्याला यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा हे शिकवावं लागत नाही. ते आपल्याला एका यंत्राच्या बाबतीत पक्कं येतं. कोणत्या? कारखान्याच्या वजनकाट्याच्या! ऊस भरून ट्रॅक्टर निघाला की जाणता शेतकरी काय करतो? शक्य असेल तर वाटेत दुसऱ्या काट्यावर तोलतो. पावती खिशात ठेवतो. मग कारखान्याच्या काट्यावर चढवतो. फरक पडला तर बोलतो. काटामारीचे आरोप झाले, आंदोलनं झाली, भरारी पथकं नेमली गेली. आणि मुख्य म्हणजे, त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. दर वर्षी खात्याचा निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो, तारीख घालून शिक्का मारतो, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. तरीही शेतकरी काट्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही, आणि काटाच नको असंही म्हणत नाही. काट्याशिवाय ऊस विकायचा कसा? हीच ती जागा जिथं विश्वास नेमका बसलेला आहे. धसकाही नाही, भक्तीही नाही.

मग मला सांगा, पाच रुपयांची भाजी तोलणारा तराजू शिक्क्याविना चालत नाही, आणि माझ्या आईला ओळखणाऱ्या यंत्रावर शिक्का कुणाचा? ते शंभर अंगठ्यांत किती नाकारतं, खुरपं धरणाऱ्या शंभरांत किती, हे त्या दुकानाच्या भिंतीवर कुठं लिहिलंय? मंडळाचं हवामान केंद्र शेवटचं कधी तपासलं, याची पाटी त्याच्या कुंपणावर का नाही? हवामानाचा संदेश येतो, त्याच्याखाली एवढी एक ओळ का नसावी: 'या तालुक्यासाठी गेल्या हंगामात दिलेल्या अंदाजांपैकी इतके खरे ठरले, इतके चुकले'? जो स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतः देतो त्यावरचा विश्वास कमी होत नाही, उलट नेमका होतो.

आता नवी यंत्रं येताहेत आणि ती झपाट्यानं येताहेत. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाला मंजुरी दिली, 500 कोटींची तरतूद केली. महाविस्तार नावाचं ॲप आलंय, त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. त्याच वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयानं 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 88 लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले पावसाचे अंदाज मोबाइल संदेशांनी पाठवले. आणि ते वर्ष कसं होतं आठवा. मान्सून 24 मे ला केरळात, 26 मे ला मुंबईत. इतक्या लवकर! लोकांनी तिफणी काढल्या. आणि मग तो जवळपास वीस दिवस अडून बसला. हा खंड त्या नव्या अंदाजांनी आधी सांगितला होता. मला त्याचा खरोखर आनंद झाला. 2017 ला आनंदगावात जी माहिती हवी होती, म्हणजे बेरीज नव्हे, खंड, ती देणारं अवजार आपल्या हाती येऊ लागलंय.

पण गोवारीकरांची चौदा वर्षं विसरू नका. हे एक वर्ष आहे, एक. या अवजारावर 2002 सारखं वर्ष अजून यायचंय. आणि बोलणाऱ्या यंत्रात एक नवी अडचण आहे. काटा आकडा दाखवतो, दामिनी घंटा वाजवते. हे मात्र वाक्य बोलतं, शुद्ध, नम्र, ठाम. खरं उत्तर ज्या सुरात देतं त्याच सुरात चुकीचंही देतं. कृषी खात्याच्या माणसाला एखादं माहीत नसलं तर तो डोकं खाजवतो, म्हणतो, "उद्या विद्यापीठात विचारून सांगतो." ते डोकं खाजवणं ही फार मोलाची माहिती असते! यंत्राला ते शिकवायला लागेल. शिकवत नाहीत तोवर माझं मागणं साधं आहे. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण ते सांगेल तेव्हा डब्यावरचं लेबल वाचा, कृषी विज्ञान केंद्रात फोन करा, दुसऱ्या काट्यावर तोलून बघा. पिकाची माहिती, योजनेचं नाव, बाजारभाव विचारायला मात्र बिनधास्त वापरा. तिथं चुकलं तर हेलपाटा पडेल, पीक जळणार नाही.

हे सगळं एकट्यानं करायचं काम नाही, आणि ते एकट्या शेतकऱ्यावर ढकलूही नये. ग्रामसभेत वर्षातून एकदा यंत्रांचा विषय घ्या. आपल्या गावात कोणतं यंत्र कुणाला नाकारतं, त्याच्याविरुद्ध कुणाकडं जायचं, त्या माणसाचं पद आणि फोन भिंतीवर लिहा. शाळेत एक पर्जन्यमापक ठेवा. पोरांना वही द्या. डावं पान, उजवं पान.

गुरुजींच्या वह्यांपैकी पाच माझ्याकडं आहेत. पुढच्या कुठं गेल्या ते त्यांच्या घरच्यांनाही सापडलं नाही. 2017 चं पान त्यांत नाही. म्हणून बोलणं थांबवताना माझी तुम्हाला एक विनंती आहे. आनंदगाव आणि आसपासच्या गावांतले कुणी इथं आले असाल, आणि त्या वर्षी पेरणी कोणत्या तारखेला केली, किती ओलीवर केली, पाऊस कोणत्या दिवशी गेला आणि कधी परत आला, हे कुणाच्या डायरीत, कॅलेंडरवर, बियाण्याच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलेलं असेल, तर ते मला द्या. मी दाराशी बसतो आहे. मंडळातल्या नोंदी मी सोबत आणल्या आहेत, शेजारी-शेजारी ठेवून बघू.